उपासनी सरांचा हा-हा

कुणाच्याही नव्या घरी गेलं की उपासनी सर चपला काढायच्या आधी एकच प्रश्न विचारायचे: "नोकरांचा जिना कुठाय?"

आम्ही राहतो टेक्सासमधल्या फ्रिस्कोत. इथे भांडी, धुणं, कचरा, लॉन सगळं नवरा-बायको आपापसात भांडत भांडत उरकतात. वास्तुशांतीला बोलावलेल्या म्हाताऱ्या पाहुण्याने असं काही विचारलं की यजमान आधी गोंधळायचा आणि मग कसंनुसं हसून म्हणायचा, "काका, जिना एकच आहे." सर मान हलवायचे. "म्हणजे घराला पाठच नाही. नुसतं तोंड. दर्शनी!" आणि शांतपणे प्रसादाच्या द्रोणाकडे वळायचे.

'दर्शनी' ही त्यांची शिवी. इमारतीच्या समोरच्या बाजूला दर्शनी भाग म्हणतात. सरांनी त्यातला 'भाग' टाकून दिला होता आणि उरलेला शब्द जगावर मोकळा सोडला होता. मंडळाच्या गणपतीची सजावट दर्शनी. कोपऱ्यावरच्या रिअल इस्टेट एजंटचं हसू दर्शनी. मी एकदा कौतुकाने फ्लॉवरची भाजी नेऊन दिली, तर डबा परत करताना म्हणाले, "रंग सुरेख आलाय. मीठ मात्र आत पोचलं नाही. दर्शनी भाजी." मी नागपूरची, माझ्या हातच्या भाजीला आजवर कुणी तिखट सोडून काही म्हटलं नव्हतं. पण सरांचा राग धरता यायचा नाही, कारण ते म्हणायचे ते बहुतेक वेळा खरं असायचं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते हे कळल्यावर त्यांना फार आनंद झाला होता. "म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या. आपण एकाच धंद्यातले."

सर पुण्याच्या एका कॉलेजात आर्किटेक्चरचा इतिहास शिकवायचे. इतिहास म्हणजे नावाला सगळा, इजिप्तपासून सुरुवात. पण त्यांचा जीव अडकलेला होता एकाच घरात. इंग्लंडच्या खेड्यातलं, जमीनदाराचं, ऑल्डरमिअर नावाचं घर. त्या घराचा नकाशा त्यांना स्वतःच्या तळहातापेक्षा जास्त पाठ होता. मुलगा निखिल फ्रिस्कोत घर शोधत होता तेव्हा एका नव्या कॉलनीच्या कमानीवर त्याला दिसलं: ऑल्डरमिअर इस्टेट्स. बिल्डरने ते नाव कुठून उचललं देव जाणे. इथे तलाव नसलेल्या जागेला लेक म्हणतात आणि सपाट माळाला हिल्स. पण निखिलला वाटलं, बाबा खूश होतील. त्याने तिथलं घर घेतलं. बाबांची बायपास झाली, मागोमाग तो त्यांना पुण्याहून घेऊन आला. विमानतळावरून गाडी कमानीखालून आत शिरली तेव्हा निखिलने हळूच वेग कमी केला, त्यांनी वाचावं म्हणून. सरांनी वाचलं. मग ओळीने उभी असलेली ती घरं पाहिली, प्रत्येकाच्या तोंडाशी पांढरे खांब, खांबांवर त्रिकोण. म्हणाले, "हे ऑल्डरमिअर असेल तर मी तिथला लॉर्ड."

हे मला निखिलनेच सांगितलं. हसत सांगितलं, पण सांगून झाल्यावर बराच वेळ आपल्या बुटांकडे बघत राहिला.

मी त्यांच्या शेजारच्या घरात राहते आणि घरूनच काम करते. त्यामुळे दुपारचा चहा सर पुष्कळदा माझ्याकडे घ्यायचे. तेव्हा मला ऑल्डरमिअर हप्त्याहप्त्याने कळत गेलं.

"बांधलं एका लोकरीच्या व्यापाऱ्याने," ते सांगायचे. "लाल विटा, मधे अंगण, साधं धडधाकट घर. पुढे त्याच्या वंशातला एक दिवटा कंपनी सरकारच्या नोकरीत आपल्याकडे आला. तिथे काय केलं ते विचारू नकोस, पण परत गेला तो गब्बर होऊन. आता गब्बर माणसाला बापजाद्यांच्या विटांची लाज वाटते. त्याने समोर दगडी खांब उभे केले आणि विटांवर दगडाचं पातळ कातडं चढवलं. डाव्या-उजव्या बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून दोन खिडक्या नुसत्या रंगवल्या. आत भिंत आणि बाहेर खिडकीचं चित्र!"

"मग तुमचं ऑल्डरमिअरसुद्धा दर्शनीच की," मी म्हटलं.

सर इतके खूश झाले की त्यांनी कप खाली ठेवला. "शाब्बास! म्हणून तर मी पोरांना पुढून कधी आत नेलं नाही. मागच्या दाराने न्यायचो. मोठ्या घरात दोन घरं असतात, एक दिसायचं आणि एक राबायचं. राबणारं घर खोटं बोलत नाही."

मग ते राबणारं घर यायचं. कोळशाची कोठडी, भांडी घासायच्या दगडी कुंड्या, अंधारा जिना. स्वयंपाकघराबाहेर भिंतीवर घंटांची रांग, वर दोरी ओढली की खाली कुठल्या खोलीने बोलावलंय ते कळायचं. आणि दोन घरांच्या मधे एक दार, त्याला जाड लोकरी कापड, हिरवी बनात ठोकलेली, म्हणजे नोकरांचा आवाज मालकाकडे जायला नको.

निखिलच्या घरात सरांची खोली खाली होती, गॅरेजला लागून. इथे तिला मदर-इन-लॉ स्वीट म्हणतात. वेगळी बाथरूम, वेगळं दार, सगळी सोय. सून सायली स्वभावाने चांगली. सासऱ्यांचं पथ्यपाणी, औषधं चुकू द्यायची नाही. पण दोघांच्या नोकऱ्या, दोघांचे मॅनेजर, आणि दर थोड्या महिन्यांनी कुणाची तरी कपात झाल्याची बातमी. घर दिवसभर मोकळं. नात आर्या मराठी समजायची आणि इंग्रजीत उत्तर द्यायची: "आबा, नॉट नाऊ."

"मी बनातीच्या दाराच्या अलीकडे राहतो," सर म्हणायचे आणि मोबाइल पुढे करायचे. "आणि हा आमचा घंटाफलक." त्यावर घरच्या ग्रुपचे मेसेज असायचे. बाबा, पार्सल आत घ्या. बाबा, प्लंबर येतोय. बाबा, आर्याची बस. मी हसायचे. तेही हसायचे, पण मोबाइल वाजला की चहा अर्धवट टाकून उठायचे.

सुधाकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पुण्यालाच होत्या. तब्येत बरी नसते, इतकंच आम्हाला माहीत होतं. आपल्या लोकांना इतकं कधी पुरत नाही, त्यामुळे दोघांचं पटत नसावं असं मंडळाने परस्पर ठरवून टाकलं होतं.

त्याच मंडळाच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर मी एकदा हौसेने सरांचं भाषण ठरवलं. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि हातात काही न घेता तासभर बोलले. जिन्याची कुठली पायरी करकरते, पावसाळी दिवसांत लांबच लांब दालनात घरातल्या बायका येरझाऱ्या कशा घालायच्या, युद्धात तिथे लष्करी दवाखाना झाला तेव्हा झुंबरांखाली खाटा कशा मांडल्या होत्या, मग छत गळायला लागलं आणि वारस एकेक दालन बंद करत शेवटी दोन खोल्यांत कसे येऊन राहिले. निम्मे श्रोते मोबाइलमध्ये होते. एकाने विचारलं, "आता त्याची रिसेल व्हॅल्यू काय असेल?" दुसऱ्याने, मला वाटतं चांगल्या मनाने, विचारलं, "सर, तुम्ही तिथं नेमके कधी होतात?"

"गेलो नाही," सर म्हणाले. "इंग्लंडलाच गेलो नाही कधी."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग एक बाई म्हणाल्या की त्या दोनदा जाऊन आल्यात आणि तिथे चहा काही खास मिळत नाही. टाळ्या झाल्या, बटाटेवडे आले. परत येताना गाडीत सर खिडकीबाहेर बघत होते. मी काहीतरी सावरून घ्यायला गेले, तर म्हणाले, "वडा बरा होता. आतपर्यंत शिजलेला."

वसंत ऋतू लागला तेव्हा त्यांनी मला एक चमत्कारिक प्रश्न विचारला. "या मागच्या कुंपणाला हात लावायचा तर कुणाची परवानगी लागते?"

आमच्या घरांच्या मागे उंच लाकडी फळ्यांची कुंपणं आहेत आणि कुंपणापलीकडे मोठं मोकळं रान. तिथे गाई चरतात. टेक्सासमध्ये बिल्डर जमीन घेऊन ठेवतात आणि बांधकाम सुरू होईपर्यंत तिथे गुरं सोडतात, म्हणजे कागदावर ती शेतजमीन राहते आणि कर कमी बसतो. सर त्यांना 'नोकरीवरच्या गाई' म्हणायचे. मी सांगितलं, परवानगी सोसायटीची लागते, इथे तिला एचओए म्हणतात, आणि ते लोक नाहीच म्हणतात.

"मग नको विचारायला," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मला माझ्या वरच्या खोलीच्या खिडकीतून सर खणताना दिसायला लागले. डोक्याला रुमाल, हातात निखिलचं कधी न वापरलेलं फावडं. आमची माती काळी, चिकट; ओली असताना सोडत नाही आणि वाळली की दगड. बायपास झालेला माणूस! मी धावत खाली गेले.

"सर, हे काय?"

"हा-हा."

"हसताय काय?"

"हसत नाहीये. याचं नावच हा-हा." आणि फावड्यावर रेलून त्यांनी मला शिकवलं. जमीनदाराला दिवाणखान्यात बसून आपली कुरणं दिसायला हवीत, गाई-मेंढ्या थेट पायरीपर्यंत आल्यासारख्या वाटायला हव्यात, पण त्यांनी खरोखर यायला नको. कुंपण घातलं तर नजर अडते. म्हणून खंदक खणायचा. घराच्या बाजूने सरळ उभी भिंत, पलीकडून उतार. गाय उताराने खाली येते, भिंतीशी थांबते. घरातून बघणाऱ्याला मधे काहीच दिसत नाही, नुसतं हिरवं. "नव्या पाहुण्याला कडेला आल्यावरच कळतं, आणि तो दचकून म्हणतो, हा! हा!"

"पण इथे कशाला, सर?"

"कुंपण नको म्हणून," ते म्हणाले आणि पुन्हा खणायला लागले.

निखिल-सायली अंधार पडायच्या सुमारास यायचे, मागचे पडदे कोण उघडतंय? सर रोज थोडं खणत राहिले. मी दोनदा रागावले, एकदा फावडं लपवून ठेवलं, तर त्यांनी बागेच्या खुरप्याने काम चालू ठेवलं. खंदक शेवटी गुडघाभर झाला. मग एका शनिवारी सकाळी त्यांनी स्क्रू काढून कुंपणाची मधली फळकुटं उतरवली.

नेमकं त्याच शनिवारी निखिलने ऑफिसच्या लोकांना बार्बेक्यूला बोलावलं होतं. कपातीच्या दिवसांत मॅनेजरला घरी जेवायला घालणं याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मीही होते. शेगडीवर एका बाजूला पनीर, दुसऱ्या बाजूला साहेबासाठी बर्गर. खंदकाकडे अजून कुणी नीट पाहिलं नव्हतं; निखिल शेगडीत गुंतलेला. पाहुण्यांना वाटलं पाइपचं काम चाललंय.

गुरांच्या मालकाची काटेरी तार होती, पण ती कित्येक ठिकाणी लोळत पडलेली. इकडे स्प्रिंकलरवर वाढलेलं हिरवंगार लॉन. एक तपकिरी गाय आली, खंदकाशी थांबली, आत बघितलं, आणि जिन्याची एक पायरी चढावी तशी सहज वर आली. वर येताना तिचा पाय स्प्रिंकलरच्या नळीवर पडला. पाण्याचा फवारा उडाला. मागोमाग आणखी दोन आल्या. साहेबाच्या हातात बर्गर होता. गाईने त्याच्याकडे पाहिलं, त्याने गाईकडे. मग त्याने बर्गर हळूच प्लेटमध्ये ठेवला आणि वर पेपर नॅपकिन झाकला.

गुरांचा मालक ट्रक घेऊन आला. उंच, टोपीवाला, अदबशीर माणूस. टोपी काढून माफी मागितली, गाई हाकलल्या, आणि खंदकाकडे बोट दाखवून विचारलं की हे काय आहे.

"हा-हा," सर म्हणाले.

तो बिचारा कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिला, पुढचा विनोद कळायची वाट पाहत.

पाहुणे लवकर गेले. निखिल ओल्या बुटांनी लॉनवर उभा होता. तो आरडाओरडा करणारा मुलगा नाही, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला. "बाबा, तुम्हाला काय कमी आहे इथं? सांगा ना, काय कमी आहे?"

"कमी काही नाही," सर म्हणाले. "एक कुंपण जास्त आहे."

"मी हे घर तुमच्यासाठी घेतलं! त्या नावासाठी घेतलं!"

सर चिखलाचे पाय पुसून गॅरेजशेजारच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. सोमवारी सोसायटीची ताकीद आली, आठवड्याच्या आत खंदक बुजला आणि फळ्या परत लागल्या, नव्या पिवळ्या स्क्रूंनी.

त्यानंतर सर चहाला आले नाहीत. तीन-चार दिवस वाट पाहून मी एका सकाळी उपमा घेऊन गेले. निखिल-सायली ऑफिसला, आर्या शाळेत. घराचं पुढचं दार उघडं होतं आणि खांबांआडून सरांचा आवाज येत होता. तो रोजचा आवाज नव्हता. मोठा, खणखणीत, वर्गातला.

"...हे बघ सुधा, हे खांब. तू काढले होतेस ना शाईने? आठवतं? आलो आपण. शेवटी आलो की नाही?"

सर खांबांपाशी उभे होते. हातात मोबाइल, पडद्यावर पुण्याच्या एका वृद्धाश्रमाची खोली. पांढरे केस, फिका चेहरा, तिथल्या मावशींनी त्यांच्यासमोर फोन धरलेला. सर खांबाला हात लावून दाखवत होते, ज्या खांबाला ते वर्षभर थर्माकोल म्हणत आले होते. "दगड बघ कसला आहे. एवढी वर्षं झाली, पण टवका उडालेला नाही."

मी तिथेच थांबले. त्यांनी मला पाहिलं. लाजले नाहीत, थांबलेही नाहीत. कॉल संपल्यावर पायरीवर बसले आणि उपम्याचा डबा मांडीवर घेतला.

"सुधा आमच्याच कॉलेजात ड्रॉइंग शिकवायची. ऑल्डरमिअरचे सगळे तक्ते तिचे. मी नुसता बोलायचो, घर उभं केलं तिने. रिटायर झाल्यावर दोघांनी जायचं ठरलं होतं. मी रिटायर झालो आणि तिला उतू गेलेलं दूध कळेनासं झालं. पुढे माझी बायपास. मला निखिलने उचललं, तिला विमानात बसवू नका म्हणाले डॉक्टर. परत जातो म्हटलं तर निखिल विचारतो, तुम्हाला कोण बघणार? चूक नाही त्याची."

मग डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं.

"एकदा सहज फोनवर हे खांब दिसले तिला. म्हणाली, अय्या, ऑल्डरमिअर! निखिलचं नाव गेलंय तिचं. माझंही गेलंय. हे राहिलंय. मग काय सांगू? तू आश्रमात आहेस आणि मी गॅरेजशेजारी, हे सांगू? म्हटलं, हो, ऑल्डरमिअर. रोज थोडं थोडं दाखवतो. मागच्या बाजूला नेलं तर म्हणाली, इथे कुंपण कुठून आलं? हा-हा होता ना इथे?"

त्यांनी डबा पायरीवर ठेवला. मी शेजारी बसले.

"सर," मी म्हटलं, "माझ्या वरच्या खोलीतून कुंपणाच्या पलीकडचं दिसतं. मोबाइल जरा वर धरला तर कुंपण येणारच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले. इस्त्रीचा शर्ट घालून. मी माझे दोन्ही मॉनिटर चादरीखाली झाकले होते, ऑफिसची मीटिंग तब्येतीचं कारण सांगून टाळली होती. सरांनी खोलीत एक चक्कर मारली, खिडकीची काच आपल्या रुमालाने पुसली, आणि फोन लावला. पुण्यात संध्याकाळ होती. खिडकीबाहेर रान, सकाळचं ऊन, गाई. रानाच्या त्या टोकाला मोजणीवाल्यांनी नारिंगी झेंडे रोवलेले मला दिसत होते, पण ते इतके लांब होते की फोनमध्ये येणार नव्हते.

"सुधा, हे वरचं लांब दालन. आणि आता बाहेर बघ. कुंपण आहे का कुठे?"

काकू पडद्यात पुढे झुकल्या. खूप वेळ बघत राहिल्या. चेहरा हळूहळू उजळला.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "किती छान. अगदी जवळ आल्यासारख्या वाटतात." मग सरांनी फोन आपल्याकडे वळवला तेव्हा त्यांनी सरांकडे निरखून पाहिलं आणि परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने विचारलं, "तुम्ही इथले मालक का?"

सरांनी शर्टाची कॉलर नीट केली.

"नाही बाई," ते म्हणाले. "मी घर दाखवतो लोकांना."

"हो का? बरं झालं भेटलात. आमचे हे यायचेत. त्यांना फार वेड आहे या घराचं, शिकवतात ना ते. ते आले की त्यांनाही दाखवा हं. सगळं दाखवा, घाई करू नका."

"दाखवीन," सर म्हणाले. त्यांनी घसा खाकरला, फोन दोन्ही हातांत नीट धरला, आणि शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात पुढचं सांगायला सुरुवात केली.